उरलेल्या त्वचेविषयी

फळ्याच्या वरच्या कडेला लिहायला हात उंचावला की दंडाखालची सैल कातडी मागेपुढे हलते, आणि पाठ वर्गाकडे असली तरी ती हललेली आपल्याला कळते. हे वाक्य आम्ही दोघींनी मिळून लिहिले आहे, कारण तो अनुभव दोघींचा आहे. पुढे अशी एकमताची वाक्ये कमी होत जातील, याची वाचकांना आरंभीच कल्पना देणे बरे.

आम्ही कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी, एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. एकीचे वय ४८, दुसरीचे ४५. विद्यार्थी आम्हांला ‘मोठ्या मॅडम’ आणि ‘छोट्या मॅडम’ म्हणतात. ही विशेषणे सेवाज्येष्ठतेची आहेत, असे अधिकृतपणे मानले जाते. परंतु २०२० साली एकीचे वजन १२४ किलो आणि दुसरीचे ९६ किलो होते, तेव्हा त्यांचा दुसरा अर्थ आम्हांला कळत नव्हता असे नाही. व्यंजना शिकवणे हा आमचा व्यवसायच आहे. या लेखापुरते आम्ही स्वतःला थोरली आणि धाकटी म्हणू.

वजन कसे उतरले ती कथा येथे सांगायची नाही. ती पुष्कळांनी पुष्कळ ठिकाणी सांगितली आहे आणि ती सांगणाऱ्याला नेहमी थोडा गर्व होतो. थोरलीला मधुमेह होता. कोरोनाच्या पहिल्या वर्षात स्थूल आणि मधुमेही माणसांचे काय होते ते तिने घराण्यातच पाहिले, आणि जानेवारी २०२१ मध्ये पुण्याला जाऊन गॅस्ट्रिक बायपास करून घेतले. धाकटीने रात्रीचे जेवण सोडले आणि घाटावर चालणे धरले. तिला तीन वर्षे लागली. त्या काळात वर्ग पडद्यावर भरत होते. विद्यार्थ्यांना आमचे फक्त चेहरे दिसत. ऑक्टोबर २०२१ मध्ये महाविद्यालये उघडली, तेव्हा थोरली चाळीस किलोंनी कमी होऊन जिना चढून आली आणि शिपायाने तिला “कोणाकडे काम आहे, बाई?” असे विचारले. हा प्रसंग ती अजून आनंदाने सांगते.

पुढल्या वर्षीच्या महिला दिनाला महाविद्यालयाने थोरलीचे व्याख्यान ठेवले. विषय ‘आरोग्य आणि इच्छाशक्ती’. शाल, श्रीफळ, टाळ्या. प्राचार्यांनी तिला इच्छाशक्तीचे मूर्तिमंत उदाहरण म्हटले. कार्यक्रम संपताच ती प्रसाधनगृहात गेली आणि पंधरा मिनिटे बाहेर आली नाही. धाकटी पुष्पगुच्छ सांभाळत बाहेर उभी होती. तिला वाटले, बाईंना गहिवरून आले असेल. वस्तुस्थिती अशी होती की पोटाच्या घडीखाली ठेवलेला सुती रुमाल घामाने चिंब झाला होता, खालची कातडी काचून सोलवटली होती, आणि रुमाल बदलून पावडर लावायची होती. धाकटीला हे दोन वर्षांनी कळले. वीस वर्षे एका टेबलावर डबा खाणाऱ्या मैत्रिणीला ते दोन वर्षे कळू नये, याची आम्हां दोघींना आजही खंत वाटते. चूक कोणाची, याविषयी मात्र आमचे वेगळे मत आहे.

शरीर बारीक होते तेव्हा चरबीच्या पेशी आक्रसतात. त्यांच्यावरचे आवरण त्या मानाने आक्रसत नाही. त्वचेच्या आतल्या थरात कोलॅजेनचे आणि इलॅस्टिनचे धागे असतात. पहिले बळकटी देतात, दुसरे ताणून परत जागेवर आणतात. वीस-पंचवीस वर्षे ताणून राहिलेले इलॅस्टिनचे धागे तुटतात, विरळ होतात, आणि प्रौढ शरीर ते पूर्वीसारखे पुन्हा विणत नाही. विशीतल्या मुलीची त्वचा पुष्कळ मागे येते, चाळिशीनंतरची थोडी. व्यायामाने खालचा स्नायू घट्ट होतो, कातडी नव्हे. मलमांच्या जाहिरातींविषयी बोलायलाच नको. मराठीत ‘अंगापेक्षा बोंगा मोठा’ अशी म्हण आहे. थोरली २०२३ च्या आरंभी ६८ किलोंवर स्थिरावली, तेव्हा तिचे तसे झाले होते, फक्त हा बोंगा खुंटीला टांगता येत नव्हता.

त्या वर्षी एम.ए.च्या वर्गाला ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय शिकवण्याची पाळी तिच्याकडे होती. जन्म, मृत्यू, जरा आणि व्याधी यांतले दोष आधीच पाहून ठेवावेत, या गीतेतल्या सूत्रावर ज्ञानदेवांनी तेथे वार्धक्याचे जे चित्र रंगवले आहे, ते आमच्या पिढीने परीक्षेपुरते वाचले होते. तारुण्यातच म्हातारपण डोळ्यांपुढे आणणारा ज्ञानी, ही त्यातली कल्पना. थोरली म्हणते की वर्गात ते विवरण करताना तिला हसू आवरेना. तिला काही डोळ्यांपुढे आणावे लागत नव्हते. घरी तिची आई आहे, वय ७६. आंघोळीनंतर मायलेकी शेजारी बसून केस पुसत, तेव्हा दोघींच्या दंडांत फरक उरला नव्हता. चेहऱ्याने ४५ आणि पदराखाली ७६, असे एकाच वेळी दोन वयांत राहण्याला साहित्यशास्त्रात काही नाव असेल तर आम्हांला ते सापडले नाही.

दिवाळीच्या सुटीआधी, २०२३ साली, थोरलीने स्टाफरूममध्ये धाकटीला सांगितले की ती ही कातडी काढून घेणार आहे. पुण्याच्या सर्जनला भेटून आली होती. वजन वर्षभर स्थिर आहे. रक्तातले लोह आणि प्रथिने वाढवली की मे महिन्यात करता येईल. आधी कंबर आणि पोट, पुढे जमल्यास दंड. सगळे एका बैठकीत करणे धोक्याचे असते.

धाकटी म्हणाली, “ताई, मधुमेह गेला, गुडघे सुटले. आता ही हौस झाली.”

आम्ही दोघी शब्दांवर पोट भरतो, त्यामुळे एखादा शब्द चुकून गेला अशी सबब आमच्यात चालत नाही. थोरलीने विचारले, हौस म्हणजे काय म्हणायचे आहे तुला? धाकटीने खुलासा केला, आणि खुलाशाने गोष्ट जास्त बिघडली. ती म्हणाली की माझेही पोट लोंबते आहे. दोन बाळंतपणे झाली, दुसऱ्या वेळी सिझेरियन. पण मी ते मिरवत नाही आणि लपवतही नाही. ते माझ्या आयुष्याचे आहे. थोरली थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे तुझ्या कातडीला कुळ आहे. माझीला नाही.”

थोरली अविवाहित आहे. हे येथे सांगणे आवश्यक आहे, कारण तिच्या निर्णयाची बातमी फुटल्यावर जो तो त्याच दृष्टीने बोलू लागला. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने, पूर्ण सद्भावनेने, “मग मॅडम, लाडू कधी?” असे विचारले. दुसऱ्या एका बाईंनी धाकटीला बाजूला घेऊन “आता कोणासाठी करतात हो?” अशी चौकशी केली. वजन उतरवताना कोणी कोणासाठी असे विचारले नव्हते. ते तप होते. तपाने शरीर क्षीण होते, आणि क्षीण होणाऱ्या शरीराचे आपल्याकडे कौतुक आहे. त्या शरीराला नीटनेटके करायला निघालेल्या बाईकडे मात्र लोक भुवया उंचावून पाहतात. विवाहितेच्या ओघळलेल्या पोटाला मातृत्वाची सबब असते. अविवाहितेचे पोट कशाने सैल झाले, तर खाण्याने. आणि आता सुधारायचे आहे, तर चाळ्यांसाठी. धाकटीच्या तोंडून निघालेल्या ‘हौस’ या शब्दात हे सारे होते, हे तिला त्याच दिवशी कळले असते तर पुढचे चार महिने आम्ही फक्त वेळापत्रकाविषयी बोललो नसतो.

परंतु धाकटीची बाजूही मांडली पाहिजे. ती या लेखाची सहलेखिका आहे. तिला भीती वाटत होती. बायपासच्या वेळी थोरली दोन दिवस अतिदक्षता विभागात होती, आणि बाहेरच्या बाकावर धाकटी होती. मोठ्या शस्त्रक्रियेत रक्ताची गुठळी पायातून फुप्फुसात जाऊ शकते, जखम उसवू शकते, कातडीखाली पाणी साचू शकते, हे तिने वाचले होते. मधुमेहासाठी तो धोका पत्करणे तिला समजले होते. रुमालाची गोष्ट तिला ठाऊक नव्हती, म्हणून हा दुसरा धोका कशासाठी ते तिला दिसेना. अशा वेळी माणूस “मला भीती वाटते” असे म्हणत नाही. “हे अनावश्यक आहे” असे म्हणतो.

स्टाफरूममधला हा वाद पुढे दोन अधिकृत दस्तऐवजांत आमच्यापुढे पुन्हा आला.

पहिला विम्याचा. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने २०१९ मध्ये आरोग्यविम्यातल्या वगळण्यांची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यांत स्थूलतेवरच्या शस्त्रक्रियेला काही अटींवर वाट आहे: शरीरभार निर्देशांक ४० किंवा त्याहून जास्त असावा, किंवा ३५ असून सोबत गंभीर आजार असावा, आणि सौम्य उपाय फसलेले असावेत. थोरलीचा निर्देशांक ५० होता. बायपासचा दावा विनातक्रार मंजूर झाला. एक कलम सोडून पुढे सौंदर्य अथवा प्लॅस्टिक शस्त्रक्रियेचे कलम येते. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना असेल, किंवा प्रत्यक्ष आणि तातडीचा आरोग्यधोका दूर करणाऱ्या आवश्यक उपचाराचा तो भाग असेल, तरच पैसे मिळतात. थोरलीने त्वचारोगतज्ज्ञाची दीड वर्षाची कागदपत्रे जोडली: बुरशीचा संसर्ग, दोनदा चिघळलेली जखम, प्रतिजैविके. कंपनीचे उत्तर आले की धोका तातडीचा दिसत नाही. त्याच कंपनीने पोट लहान करायला पैसे दिले होते. लहान झालेल्या पोटावरची कातडी ही तिची बाब नव्हती. आम्हांला हे फसवणुकीचे वाटत नाही, कंपनी तिच्या कलमाप्रमाणे वागली. आम्हांला एवढेच दिसते की ते कलम लिहिणाऱ्याच्या मनात रोग आणि नटणे अशा दोनच खोल्या होत्या, आणि थोरली मधल्या बोळात उभी होती.

दुसरा दस्तऐवज रुग्णालयाचे बिल. शस्त्रक्रियेचे ३,२५,००० रुपये आणि त्यावर १८ टक्क्यांनी वस्तू आणि सेवा कर ५८,५०० रुपये. रुग्णालयाच्या बिलावर कर नसतो असे आम्ही समजून चाललो होतो. २०१७ मध्ये हा कर आला तेव्हा आरोग्यसेवा करमुक्त ठेवल्या, मात्र त्यांच्या व्याख्येतून केशरोपण आणि सौंदर्य वा प्लॅस्टिक शस्त्रक्रिया वगळल्या. जन्मजात दोष, वाढीतली विकृती, इजा किंवा आघात यांमुळे बिघडलेली रचना किंवा कार्य पूर्ववत करायचे असेल तरच त्या आत येतात. केशरोपणाच्या शेजारी बसवलेले पाहून थोरलीला पहिल्यांदा खरोखर राग आला. भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढताना ती म्हणाली, “हौसेला मोल नाही म्हणतात. आहे. अठरा टक्के.”

‘प्लॅस्टिक’ या शब्दात मुळात सौंदर्य नाही. ग्रीक ‘प्लास्टिकोस’ म्हणजे घडवण्याजोगे, आकार देण्यासंबंधीचे. आपण वापरतो त्या प्लॅस्टिकच्या आधीपासून हा शब्द शस्त्रक्रियेला लागलेला आहे. मराठीत कोणी तरी ‘सुघटन शस्त्रक्रिया’ असा प्रतिशब्द केला. शब्द सुरेख आहे, पण त्यातला ‘सु’ कोणी मागितला होता? नुसते ‘घटन’ म्हटले असते तर कुंभाराच्या जवळ गेले असते. आणि कुंभाराच्या जवळ जाणे येथे इतिहासालाही धरून आहे. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगेझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये पुण्याकडची एक हकिकत छापून आली. कावसजी नावाचा, इंग्रज फौजेतला बैलगाडीवान टिपूच्या कैदेत सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळच्या एका कारागिराने, जो वीट करणाऱ्यांच्या जातीतला होता असे मासिक सांगते, कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक बसवले. नाकाचा आकार आधी मेणात काढून तो कपाळावर पसरून मापला होता. ही हकिकत वाचून युरोपातले सर्जन ती रीत शिकले. लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये ती प्रथम करून पाहिली. पुण्याला जाताना एस.टी.त धाकटीने ही गोष्ट थोरलीला सांगितली. (तोवर आम्ही बोलू लागलो होतो, कशा, ते पुढे येईल.) नाक नसल्याने कावसजीचा श्वास अडत नव्हता. अडत होते ते चारचौघांत वावरणे. त्याच्या नव्या नाकाला हौस म्हटल्याचे कोठे वाचनात नाही. नाक कापणे याचा आपल्या भाषेतला अर्थच असा आहे की त्याला कोणी प्रश्न विचारला नसावा.

मार्च २०२४ मध्ये थोरलीला ताप आला, पोटाच्या घडीतली जखम पिकली होती, आणि तिची आई घाबरून धाकटीच्या घरी आली. धाकटीने ती जखम स्वतःच्या हाताने धुतली. घडी उचलून धरावी लागते. दुसऱ्या हाताने कापूस फिरवायचा. घडीच्या आत उजेड पोहोचत नाही म्हणून आईने बॅटरी धरली. त्या रात्री ‘हौस’ या शब्दाविषयी आम्ही बोललो नाही. माफीही मागितली गेली नाही. धाकटीने मे महिन्याच्या तारखा विचारल्या.

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी सर्जन जांभळ्या पेनने अंगावर रेषा आखतो. रुग्णाने उभे राहायचे असते, कारण आडवे झाल्यावर सैल कातडी पसरते आणि किती काढायची त्याचा अंदाज चुकतो. अर्धा तास थोरली आरशाशिवायच्या खोलीत उभी होती आणि एक तरुण सर्जन चिमटीत कातडी धरून मापत होता. या शाखेला ‘बॉडी काँटूरिंग’ म्हणतात. काँटूर हा शब्द आम्हांला शाळेच्या भूगोलातून ठाऊक होता: समोच्च रेषा. त्या रात्री थोरलीच्या अंगाकडे पाहून धाकटीला खरोखर नकाशाच आठवला.

दुसऱ्या दिवशी सहा तास. तिची शस्त्रक्रिया कमरेभोवती पूर्ण वेढा घालणारी होती. आधी पालथे झोपवून पाठीकडचा पट्टा काढतात, मग उलटवून पोटाकडचा. वरचा काठ खाली ओढून खालच्या काठाला शिवतात. बेंबी मात्र काढत नाहीत. ती आतल्या देठाला धरून जागेवरच ठेवतात, आणि वरून ओढून आणलेल्या कातडीला नवे छिद्र पाडून तिला पुन्हा बाहेर काढतात. सर्जनने हे कागदावर चित्र काढून समजावले, तेव्हा थोरलीची आई म्हणाली, “म्हणजे माझ्याकडची खूण तेवढी ठेवली.” पोटावरचा असा भार कापून काढण्याची नोंद बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले स्त्रीरोगतज्ज्ञ हॉवर्ड केली यांनी १८९९ मध्ये केली आहे; त्यांनी काढलेला तुकडा सुमारे साडेसात किलोंचा होता. थोरलीचा ३ किलो ९०० ग्रॅम भरला. धाकटीने त्याचे पुढे काय होते असे विचारले. पिवळ्या पिशवीत घालून जाळण्यासाठी पाठवतात. जैववैद्यकीय कचऱ्याचा तसा नियम आहे. काही दिवसांनी थोरलीच्या आईने, आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे, “माझ्या कातड्याचे जोडे करून घातले तरी तुझे उपकार फिटायचे नाहीत” असे धाकटीला म्हटले. थोरली पलंगावरून म्हणाली, “आई, माझ्याकडे होते. आता पिवळ्या पिशवीत गेले.” हसल्याने टाके दुखतात, हे तिला तेव्हा कळले.

ती पहिले दहा दिवस कमरेत वाकून चालत होती, कारण ताठ उभे राहिले तर शिवण ताणते. गुठळी होऊ नये म्हणून दुसऱ्याच दिवशी चालवले. कमरेच्या दोन्ही बाजूंनी नळ्या बाहेर आल्या होत्या आणि त्यांच्या टोकांना रबरी फुगे. त्यांत साचणारे लालसर पाणी मोजून लिहायचे होते. धाकटीने त्यासाठी उत्तरपत्रिकांच्या गुणनोंदीची वही वापरली. डावा १४०, उजवा ११५. डावा ९५, उजवा ८०. दिवसाला तीसच्या खाली आल्यावर नळी निघते. एकोणीस वर्षे गुण लिहिले, परंतु आकडा कमी झाल्याचा आनंद त्या वहीला प्रथमच झाला.

तिसऱ्या आठवड्यात पाठीमागे, माकडहाडाच्या वर, दोन बोटे रुंद जखम उसवली. भीती वाटत होती तेच झाले. सर्जनच्या मते अशा शस्त्रक्रियेत हे वरचेवर घडते, जखम आतून भरून येते, पुन्हा शिवायची नसते. महिनाभर रोजची मलमपट्टी करावी लागली. धाकटीला “मी म्हणत होते” असे म्हणायचे होते. तिने म्हटले नाही, पण ते थोरलीला ऐकू आले, असे थोरलीचे म्हणणे आहे.

आता हिशेब. रुमाल गेला. बुरशी पुन्हा झाली नाही. खडू पडला तर वाकून उचलता येतो. कमरेभोवती पूर्ण वेढ्याचा व्रण आहे. वर्ष-दीड वर्षाने फिका पडेल असे सांगितले होते, तसा पडला, पण आपल्या वर्णाच्या कातडीवर तपकिरी रेघ उरली आहे. ती नेमकी परकराची नाडी बसते तेथे येते. साडीचा विचार सर्जनने केला नसावा, किंवा कातडीला दुसरी जागा नसावी. थोरली आता रुंद पट्ट्याचा परकर शिवून घेते. बेंबीच्या खालचा भाग बधिर आहे. तेथे हात ठेवला की दुसऱ्या कोणाच्या पोटावर ठेवल्यासारखे वाटते, असे ती म्हणते. आरसा तिला आवडू लागला आहे का, हा प्रश्न धाकटीने विचारला. थोरलीचे उत्तर असे होते की आरसा तिला पूर्वीही नावडत नव्हता, आणि हो, हौस होतीच. रुमालासाठी एवढे केले असे म्हणणे खोटेपणाचे होईल. विमा कंपनीला पाठवलेल्या पत्रात तिने फक्त रुमालाविषयी लिहिले होते. प्राचार्यांना दिलेल्या रजेच्या अर्जातही. बाईच्या शरीराला दुःख असेल तरच अर्ज पुढे सरकतो, म्हणून दुःख लिहिले. सुखाची इच्छा लिहायला रकाना नव्हता.

हे वाक्य थोरलीचे आहे. धाकटीला ते पटत नाही. तिचे म्हणणे असे की स्वयंपाकघराचे फर्निचर आपण हौसेने करतो, मुलीचे लग्न हौसेने करतो, आणि त्याचे कर्ज काढताना कोणी लाजत नाही, हे खरे. पण भूल घेऊन सहा तास कापून घेण्याला तोच शब्द लावला की त्यातला धोका नाहीसा होतो. तिला हौसेची नव्हे, धोक्याची तक्रार होती. थोरली म्हणते, मग त्या दिवशी धोका हा शब्द वापरायचा होतास. यापुढे हा वाद गेलेला नाही. लेखाच्या या परिच्छेदाची चार प्रारूपे झाली आणि शेवटी दोघींचे जसेच्या तसे ठेवले.

धाकटीने स्वतःसाठी त्याच सर्जनला विचारले होते. करता येईल, म्हणाले. तिने केले नाही. पैसे हे एक कारण. दुसरे असे की तिला काचत नाही, तिच्या घडीत रुमाल ठेवावा लागत नाही. तिसरे कारण सांगताना ती थोडी अडखळते. तिच्या नवऱ्याने “कशाला? मला काय फरक पडतो?” असे म्हटले, आणि ते त्याने प्रेमाने म्हटले. थोरली म्हणते की हे कारण होऊ शकत नाही. धाकटी म्हणते की तुम्हांला ते कळणार नाही, आणि म्हटल्यावर तिला वाटते की हे वाक्य पुन्हा त्या दिवाळीच्या दिशेने चालले आहे, म्हणून ती थांबते. असो.

दंड दोघींचेही तसेच आहेत. थोरलीला ते करून घ्यायचे आहेत. व्रण काखेपासून कोपरापर्यंत आतल्या बाजूने येईल, लांब बाहीच्या पोलक्यात दिसणार नाही, परंतु फळ्यावर लिहिताना बाही वर सरकते. काय दिसलेले बरे, हलणारी कातडी की स्थिर व्रण, असा हा विचार आहे, आणि आम्ही तो डबा खाताना करतो. पुण्याहून मे महिन्यातली एक तारीख मिळते आहे. विद्यापीठाच्या मूल्यमापनाच्या तारखा लागल्या की कळवू, असे धाकटीने फोनवर सांगून ठेवले आहे.